शुगरने थकलेली किडनी आणि चिनी औषधं: खरं किती, जपायचं कुठे

‘अब्बूंना शुगर आहे, आता किडनीवरही आलंय.’ हे वाक्य आपल्या घरांत इतक्यांदा ऐकू येतं की आता कुणी दचकतही नाही. त्याच्या पाठोपाठ मोबाईलवर एखादा व्हिडिओ येतो. चीनमध्ये डायलिसिसशिवाय किडनी बरी करतात, पाच हजार वर्षांचा नुस्खा आहे, क्रिएटिनिन महिन्यात खाली येतं, अमुक नंबरवर ऑर्डर करा. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, करून बघायला काय जातंय. दुसरा म्हणतो, सगळं थोतांड आहे. आमच्या मते दोघांचंही अर्धवट आहे. चीनमध्ये या आजारावर खरोखर गंभीर काम झालंय, आणि जडीबुटीने किडनी कायमची गेल्याची उदाहरणंही त्याच दप्तरात आहेत. आम्ही डॉक्टर नाही, शिकवण्याचं काम करतो. म्हणून इथे उपाय सांगत नाही, विषय समजावून सांगतो.

आधी आजार काय आहे ते बघू. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली आणि सोबत ब्लड प्रेशर असलं, की या गाळण्यांच्या भिंती बिघडतात. जे प्रथिन रक्तात राहायला हवं ते लघवीतून गळू लागतं. त्याला अल्ब्युमिन म्हणतात. लघवीच्या तपासणीत एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्ब्युमिन निघालं तर ती पहिली घंटा, ३००च्या वर गेलं तर धोका बराच पुढे गेलाय असं समजतात. दुसरा आकडा ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाज. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६०च्या खाली राहिला तर किडनीचा जुना आजार आहे असं धरतात. या सगळ्यात कुठे दुखत नाही, खुपत नाही. पायावर सूज येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून खूष होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की लघवीतलं अल्ब्युमिन त्याच्या कितीतरी आधी बोलतं.

आता चीनकडे वळू. तिथल्या जुन्या वैद्यकात या आजाराचं नाव शियाओ-के. शियाओ म्हणजे झिजणं, के म्हणजे तहान. माणूस खातो, पितो, तरी झिजत जातो. ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा दोन हजार वर्षांपेक्षा जुना ग्रंथ सांगतो की हा आजार गोड आणि तुपकट खाणाऱ्यांना होतो. सातव्या शतकात, तांग घराण्याच्या काळात, या रोग्यांची लघवी गोड असते हे चिनी वैद्यांनी लिहून ठेवलं. त्याच काळातले सुन सिमियाओ हे मोठे वैद्य. त्यांनी शियाओ-केच्या रोग्याला दारू, खारट पदार्थ आणि पीठ-मैद्याचे पदार्थ टाळायला सांगितलं. आजचा डायटिशियन मीठ आणि मैदा कमी करा म्हणतो तेव्हा तो फार नवीन काही सांगत नाही!

इथे आपल्या वाचकांना एक गोष्ट आवडेल. चिनी वैद्यक आणि आपली तिब्ब-ए-युनानी या एकमेकींना अनोळखी नाहीत. इलखानी राज्याचे वजीर रशीदुद्दीन यांनी १३१३ साली तबरेजमध्ये ‘तन्सूकनामा’ हा ग्रंथ तयार करवला. चिनी वैद्यकातल्या नब्ज-विद्येचा तो फारसी तर्जुमा. उलट दिशेने चीनमध्ये ‘हुइहुइ याओफांग’ नावाचा मुसलमानी नुस्ख्यांचा ग्रंथ झाला. त्याचे मूळ ३६ खंड होते, आज चार उरलेत, आणि त्यात चिनी मजकुराच्या मध्येच अरबी-फारसी नावं येतात. इब्न सीनांनीही ‘अल-कानून’मध्ये झियाबितसबद्दल लिहिलंय. सांगायचा मुद्दा हा की हकीम नब्ज बघतात तसेच चिनी वैद्यही बघतात, जीभ बघतात, भूक, झोप, शौच विचारतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ती पद्धत परकी वाटत नाही, आणि विश्वासही त्यामुळेच पटकन बसतो.

पण एक मोठा गोंधळ इथेच होतो. चिनी वैद्यकातली ‘किडनी’ म्हणजे सोनोग्राफीत दिसते ती किडनी नव्हे. त्यांच्या शब्दात शेन. शेनमध्ये माणसाचं मूळ सत्त्व साठतं, हाडं, कान, केस, संतती, म्हातारपण हे सगळं तिच्याकडे. तसंच त्यांची ‘प्लीहा’ म्हणजे मुख्यतः पचनाची ताकद. त्यामुळे चिनी डबीवर ‘किडनीला बळ देणारं’ असं लिहिलेलं असलं, तर ते औषध कंबरदुखी, थकवा, केस पिकणं यासाठीही असू शकतं. त्याचा ईजीएफआरशी काही संबंध असेलच असं नाही. या एका शब्दाच्या घोळावर किती धंदा चालतो ते ऑनलाइन दुकानांत बघा.

मधुमेहाच्या किडनीकडे चिनी वैद्य कसे बघतात? ढोबळमानाने असं, की सुरुवातीला शरीरातला ओलावा आणि प्राणशक्ती कमी होते. त्यांच्या भाषेत यिन आणि ची. पुढे पचन थकतं, मग उष्णता देणारा यांगही घटतो. या सगळ्यात रक्त साकळतं, बारीक वाहिन्यांत अडकतं, आणि शेवटी घाण साठून विष तयार होतं. बीजिंगच्या दोंगझिमेन रुग्णालयातले लू रेनहे यांनी यात नवी भर घातली. बारीक वाहिन्यांत छोट्या छोट्या गाठी जमतात आणि त्यामुळे हा आजार हटत नाही, असं त्यांचं म्हणणं. मायक्रोस्कोपखाली मधुमेही किडनीच्या गाळण्यांत खरंच घट्ट डाग-गाठी दिसतात, म्हणून ही कल्पना तिथल्या आधुनिक डॉक्टरांनाही जवळची वाटली. तरी उपमा जुळली म्हणून उपचार सिद्ध होत नाही, एवढं भान ठेवायला हवं.

उपचार म्हणजे बहुतेक वेळा काढा. एकच बुटी नाही, आठ-दहा-पंधरांचं मिश्रण, आणि रोग्याच्या प्रकृतीप्रमाणे ते बदलतं. दोन जुने नुस्खे सगळ्यांच्या तोंडी असतात. इसवी सन २००च्या सुमाराचे झांग झोंगजिंग यांनी शियाओ-केमध्ये लघवी फार होत असेल तर ‘शेन ची’ गोळी दिली. पुढे चिएन यी या बालरोगाच्या वैद्यांनी त्यातल्या दोन गरम बुट्या काढल्या आणि सहा बुट्यांची ‘लिउवेइ दिहुआंग’ गोळी केली. ती १११९ सालच्या ग्रंथात आहे. मुलांसाठी केलेली ही गोळी आज चीनमध्ये म्हातारी माणसं खातात. एकेक बुटी म्हणाल तर ह्वांगची सगळ्यात महत्त्वाची. ती ॲस्ट्रागॅलस नावाच्या झाडाची मुळी, पिवळसर, चवीला किंचित गोड. शिवाय रक्त वाहतं ठेवण्यासाठी दानशेन, आणि शेवटच्या टप्प्यात पोट साफ करून घाण काढण्यासाठी दाहुआंग म्हणजे रेवंदचिनी. आपल्या अत्तारांच्या दुकानात रेवंदचिनी मागितली तर लगेच पुडी बांधून देतील.

आता पुरावा काय म्हणतो? याची चौकशी नीट करायला हवी, कारण ‘रिसर्चने सिद्ध झालंय’ हे तीन शब्द कुणीही टाकतो.

ह्वांगचीवर हाँगकाँगमध्ये एक चांगली चाचणी झाली आणि २०२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मधुमेह आणि किडनीचा आजार दोन्ही असलेले, लघवीतून बरंच प्रथिन जाणारे ११८ रुग्ण घेतले. सगळ्यांची नेहमीची औषधं चालूच ठेवली आणि काहींना त्याच्या जोडीला ह्वांगची दिली, ४८ आठवडे. ह्वांगची घेणाऱ्यांचा ईजीएफआर हळू घसरला. दोन गटांत वर्षाला साडेचार युनिटच्या आसपास फरक पडला. हा फरक लहान नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, ह्वांगची ही गोळ्यांच्या ऐवजी नव्हती, जोडीला होती. दुसरी, आपण काय खातोय हे रुग्णांना माहीत होतं, कारण खोटी दिसणारी पुडी दुसऱ्या गटाला दिलेली नव्हती. मोठ्या संख्येवर, अशी झाकून केलेली चाचणी होईपर्यंत हे ‘आशादायक’ म्हणायचं, ‘सिद्ध’ नाही.

दुसरं उदाहरण ह्वांगकुइ कॅप्सूलचं. ती भेंडीच्या गोतावळ्यातल्या एका झाडाच्या पिवळ्या फुलांपासून बनते. चीनमध्ये लघवीतलं प्रथिन कमी करण्यासाठी ती डॉक्टर लिहून देतात, आणि ब्लड प्रेशरच्या इर्बेसार्टन गोळीसोबत दिल्यावर प्रथिन आणखी कमी झाल्याचं चाचणीत दिसलंय. हे वाचून कुणी रात्री भेंडी भिजवून सकाळी ते पाणी अम्मींना पाजू नये. फुलाचा ठरावीक अर्क वेगळा आणि आपली भाजी वेगळी. भेंडीत पोटॅशियमही असतं, आणि ज्यांची किडनी फार कमजोर आहे त्यांना पोटॅशियम मोजून खावं लागतं. हीच गोष्ट कुठल्याही दाट काढ्याला लागू आहे.

तिसरं उदाहरण दुधारी आहे. लेइगोंगतेंग, म्हणजे वीज कडाडवणाऱ्या देवाची वेल. या वेलीचा अर्क लघवीतलं प्रथिन खरोखर खाली आणतो, नानजिंगच्या डॉक्टरांनी ते मधुमेही रुग्णांत मोजून दाखवलंय. पण हीच वेल यकृत बिघडवते, पांढऱ्या पेशी कमी करते, पुरुषांच्या शुक्राणूंवर आणि बायकांच्या पाळीवर परिणाम करते. चीनमध्येही ती तपासण्या करत, जपून देतात. असली चीज जर ऑनलाइन पुडीतून घरी आली, तर ती किती आणि कुणाला द्यायची हे सांगणारं कोण आहे?

बाकी शेकडो चिनी अभ्यासांची तक्रार एकच आहे. रुग्ण थोडे, काळ दोन-तीन महिन्यांचा, आणि मोजलेला आकडा बहुतेक प्रथिनाचा. डायलिसिस किती जणांचं टळलं, किती जण जगले, हे फार थोड्या अभ्यासांनी पाहिलं. क्रिएटिनिनचंही तसंच आहे. रेवंदचिनीने शौचावाटे काही घाण बाहेर गेली तर रक्तातला आकडा थोडा उतरू शकतो. गाळण्या मात्र तेवढ्याच राहतात. झिजून डाग पडलेली गाळणी पुन्हा नवी करणारं औषध आज ना चीनकडे आहे, ना अमेरिकेकडे.

आता ती गोष्ट, जी व्हिडिओत कधीच येत नाही.

१९९०-९२च्या सुमारास बेल्जियमच्या ब्रुसेल्स शहरात एका क्लिनिकमध्ये बायकांना वजन उतरवायच्या कॅप्सूल देत होते, त्यात चिनी बुट्या होत्या. धडधाकट बायकांच्या किडन्या झपाट्याने निकामी होऊ लागल्या. शोध घेतला तेव्हा कळलं, की फांगजी नावाच्या बुटीऐवजी जवळपास तशाच नावाची दुसरी बुटी आली होती, ॲरिस्टोलोकियाच्या जातीची. तिच्यातलं ॲरिस्टोलोकिक ॲसिड किडनीला विष आहे. शंभरावर बायका यात सापडल्या. काही वर्षांनी ज्यांच्या निकामी किडन्या काढल्या अशा ३९ जणींची तपासणी झाली, तर १८ जणींच्या मूत्रमार्गात कॅन्सर निघाला. म्हणजे नावातल्या एका अक्षराच्या फरकाने हे झालं. पुढे तैवानने २००३ मध्ये या जातीच्या बुट्यांवर बंदी घातली, चीननेही त्यातल्या काही बुट्यांवर बंदी आणली. तैवानमध्ये तोवर, १९९७ ते २००३ या काळात, जवळजवळ एक-तृतीयांश लोकांना अशा बुटीचा नुस्खा कधी ना कधी दिला गेला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने हे ॲसिड नक्की कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलंय.

हा फक्त चीनचा मामला आहे असं समजून पान उलटू नका. युनानीत ज्याला जरावंद म्हणतात ती याच जातीची. आयुर्वेदातली ईश्वरी पण हीच जात. आमचं हकीमसाहेबांशी भांडण नाही, चांगले हकीम हे जाणतात. पण किडनीच्या रुग्णाच्या पुडीत जरावंद आहे का, हे नाव घेऊन विचारायला लाजायचं कारण नाही. तसंच ज्येष्ठमध, म्हणजे आपली मुलेठी. चिनी काढ्यांत ती जवळपास प्रत्येक वेळी असते. जास्त दिवस खाल्ली तर ब्लड प्रेशर वाढवते आणि शरीरातलं पोटॅशियम खाली आणते. किडनीच्या माणसाला ब्लड प्रेशर वाढणं म्हणजे आगीत तेल. चिनी गोळ्यांत कधी कधी शेंदरी रंगाचं झूशा असतं, म्हणजे पाऱ्याचं खनिज. आपल्या कुश्त्यांची आठवण होते ना?

भेसळीचा धोका याहून वेगळा. २००९च्या जानेवारीत चीनच्या शिनजियांग प्रांतात, काशगरकडे, मधुमेहावरच्या नकली ‘हर्बल’ कॅप्सूल घेऊन माणसं बेशुद्ध पडली, मृत्यूही झाले. आत ग्लिबेनक्लेमाइड नावाची साधी ॲलोपॅथिक शुगरची गोळी होती, तीही प्रमाणाबाहेर. सिंगापूरमध्ये २००८ साली ‘ताकदीच्या’ बेकायदा गोळ्यांतून हेच औषध निघालं. ज्यांना शुगरच नव्हती अशा १५० लोकांची साखर धोकादायक खाली गेली, चार जण वारले. कमजोर किडनीत हे औषध शरीरातून लवकर जात नाही, त्यामुळे साखर तासन्‌तास खाली राहते. ‘हर्बल घेतल्यापासून शुगर एकदम खाली’ असं कुणी सांगितलं तर खुशीआधी शंका यायला हवी.

मग चीनमधले लोक वेडे आहेत का? तसं नाही. तिथे पारंपरिक वैद्यकाची मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. तिथले डॉक्टर नब्ज बघतात आणि लघवीचा रिपोर्टही बघतात. मधुमेही किडनीच्या रुग्णाला ब्लड प्रेशरची गोळी, शुगरचं औषध आणि वर काढा, असं एकत्र चालतं. काढा बुट्या तपासणाऱ्या औषधखान्यातून येतो. आपल्याकडे यातला फक्त काढा तोडून विकला जातो. भारतात आयुषच्या छत्राखाली आयुर्वेद, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा, होमिओपॅथी वगैरे येतात, चिनी जडीबुटी त्यात नाही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी कायदा आहे, पण तो सुयांचा, औषधांचा नव्हे. मधुमेही किडनी सुयांनी थांबते असा भरवशाचा पुरावाही नाही. म्हणजे चिनी पुडी विकणाऱ्याला जाब विचारायचा तर कुणाच्या दारात जायचं, हेच ठरलेलं नाही.

त्यामानाने ज्या औषधांचा पुरावा पक्का आहे ती आपल्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळतात. ब्लड प्रेशरच्या ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ गटातल्या गोळ्या किडनीच्या गाळणीवरचा दाब कमी करतात. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटाने गेल्या दहा वर्षांत हजारो रुग्णांवरच्या चाचण्यांत किडनीची घसरण हळू केलीय. गंमत म्हणजे या गटाचा आजोबाही जडीबुटीच आहे, सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली काढलेलं फ्लोरिझिन. मेटफॉर्मिनचं मूळही एका युरोपी झुडपात सापडतं. म्हणजे झाडपाल्याला कुणी कमी लेखत नाही. फरक इतकाच, की साल चघळायला सांगितली नाही, त्यातला पदार्थ वेगळा काढला, बदलला, तोलला, तपासला.

एक गोष्ट खास करून सांगतो, कारण यामुळे घात होतो. ही औषधं सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. डॉक्टरांना ते माहीत असतं, ठरावीक मर्यादेपर्यंत ते चालतं, म्हणून ते पुन्हा रक्त तपासायला बोलावतात. पण घरचे रिपोर्ट बघतात, घाबरतात, ‘गोळ्यांनीच किडनी घालवली’ म्हणतात, आणि गोळी बंद करून काढा सुरू करतात. गोळी बंद केल्यावर आकडा थोडा उतरतो, श्रेय काढ्याला जातं. आणि आत नुकसान चालूच राहतं. रिपोर्टने घाबरलात तर त्याच डॉक्टरांना फोन करा, शेजारच्या खालाजानना नंतर.

हलाल-हरामचा प्रश्नही येतोच, आणि तो योग्य आहे. रक्त साकळल्यावर चिनी नुस्ख्यांत जळू आणि गांडूळ वापरतात. काही नुस्ख्यांत गाढवाच्या कातड्याचा डिंक असतो, आणि कॅप्सूलचं जिलेटिन कुठल्या जनावराचं ते डबीवर बहुतेक लिहिलेलं नसतं. काही अर्क दारूत काढलेले असतात. इलाजासाठी काय चालतं ते आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावं. पण त्यांना विचारायला आधी डबीत काय आहे ते कळायला हवं. विकणारा घटकांची यादीच देत नसेल तर ना मुफ्ती उत्तर देऊ शकतील, ना डॉक्टर.

घरात कुणी असं काही घेतच असेल तर लपवू नका. बुटीची पुडी किंवा डबी घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे जा, ते रागावतील, रागावू द्या. घेण्याआधी आणि एक-दीड महिन्याने क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीतलं अल्ब्युमिन आणि यकृताची तपासणी करा. चालू गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका. रमजान येत असेल तर रोज्याचा विषय दीड-दोन महिने आधी काढा, कारण कमजोर किडनीत दिवसभर पाण्याशिवाय राहणं आणि वर लघवी-शौच वाढवणारा काढा हा जोड फार वाईट. आणि ज्यांना नुसती शुगर आहे, किडनीचं कुणी काही बोललेलं नाही, त्यांनी वर्षातून एकदा लघवीची ती अल्ब्युमिनवाली तपासणी मागून घ्यावी. चिठ्ठीत नसेल तर तोंडाने मागा. सकाळची थोडी लघवी एका डबीत द्यायची असते, उपाशी राहायचीही गरज नसते.